एका बोकडाला किती ज्वारी?

मराठीत ‘दुष्काळ’ या एकाच शब्दावर आपण फार मोठा भार टाकलेला आहे. पाऊस पडला नाही तर कोरडा दुष्काळ, अतिवृष्टीने पीक कुजले तर ओला दुष्काळ, पैसेवारी ५० पैशांच्या आत आली तर सरकारी कागदावरचा दुष्काळ, आणि माणसे अन्नावाचून मरू लागली तर तोही दुष्काळच. दुष्काळाची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणांचे काम समजून घ्यायचे असेल, तर हा शेवटचा अर्थ बाकीच्यांपासून सोडवून घ्यावा लागतो. म्हणून या लेखापुरते पाऊस न पडण्याला अवर्षण म्हणू आणि उपासमारीने माणसे मोठ्या संख्येने मरण्याला दुष्काळ म्हणू. १९७२ साली महाराष्ट्रात जे झाले ते भीषण अवर्षण होते. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे रस्ते, पाझर तलाव आणि खडी फोडण्याच्या कामांवर राबत होती, घरोघर आयात केलेली मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली गेली, परंतु १८७७ सारखी प्रेते रस्त्याकडेला पडली नाहीत. सोमालियात २०११ साली अवर्षण झाले आणि त्याचा दुष्काळही झाला. कोणते अवर्षण दुष्काळाकडे चालले आहे हे चार-सहा महिने आधी ओळखणे, हे या यंत्रणांचे काम आहे.

हे काम कसे चालते हे पाहण्यासाठी दक्षिण सोमालियातल्या बे प्रांतात जाऊ, कारण तिथले पीक आपल्या ओळखीचे आहे. बैदोआ हे या प्रांताचे मुख्य शहर आणि आसपासचा सगळा मुलूख ज्वारीचा. पाऊस वर्षातून दोनदा येतो: एप्रिल ते जून हा मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर हा धाकटा. शेती बहुतांशी पावसावरची. गरीब घराकडे थोडी जमीन असते, काही शेळ्या असतात, क्वचित एखादी गाय किंवा उंट असतो, आणि उरलेली भूक दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीतून भागते. अशा घरातली ज्वारी सुगीनंतर काही महिन्यांतच संपते. त्यानंतर ते घर बाजारावर जगते, म्हणजे शेळी विकून किंवा दिवसभराची मजुरी घेऊन ज्वारी विकत आणते.

इथे या शास्त्रातला सर्वांत उपयोगी आकडा येतो, आणि तो इतका साधा आहे की आठवडी बाजार पाहिलेल्या कोणालाही समजावा. एक मध्यम आकाराचा बोकड विकला तर किती किलो ज्वारी येते? समजण्यापुरते काही आकडे घेऊ. समजा, बऱ्या वर्षी एका बोकडाला ८० किलो ज्वारी मिळते. सहा माणसांच्या घराला ती साधारण महिनाभर पुरते. आता पाऊस हुकला. ज्वारीचा भाव दुप्पट झाला. चारा-पाणी संपल्यामुळे सगळ्यांनी एकदमच जनावरे बाजारात आणली आणि हडकलेल्या बोकडाचा भाव निम्म्यावर आला. भाव दुप्पट आणि किंमत निम्मी याचा अर्थ ८० किलोंचे २० किलो झाले, म्हणजे आठवड्याचे धान्य. ज्या घराकडे दहा शेळ्या आहेत त्या घराला एरवी दहा महिने काढता आले असते. आता अडीच महिन्यांत दावण मोकळी होते, आणि पुढच्या वर्षी वेत देणाऱ्या माद्याही त्यात जातात. या सगळ्या काळात बाजारात ज्वारीची पोती दिसत असू शकतात. म्हणूनच केवळ पीक किती आले हे मोजून दुष्काळ ओळखता येत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा सिद्धांताच्या पातळीवर नेला: धान्य प्रांतात किती आहे यापेक्षा ते मिळवण्याची ताकद कोणाकडे उरली आहे, हा खरा प्रश्न असतो. बाजारात फिरून भाव टिपणारा मनुष्य सेन वाचलेला नसतो, पण तो मोजतो तेच.

ही दृष्टी अगदी नवी आहे असेही नाही, आणि तिची एक वाट आपल्या दारावरून गेली आहे. दख्खन आणि मद्रासकडच्या १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यावरून १८८३ साली ब्रिटिश सरकारने दुष्काळ संहितेचा मसुदा तयार केला. कोणत्या खुणा दिसल्या की अधिकाऱ्याने सावध व्हावे हे त्या संहितांत सांगितलेले होते: धान्याचे भाव चढणे, सावकाराने हात आखडणे, धान्याच्या चोऱ्या वाढणे, माणसांचे तांडे कामाच्या शोधात वाट फुटेल तिकडे भटकू लागणे. शंका असेल तिथे चाचणीदाखल काम काढायचे, कष्ट भरपूर आणि मजुरी जेमतेम ठेवायची. तरीही माणसे लोटली तर टंचाई खरी समजायची. ही पद्धत कठोर होती आणि तिच्यामागे पैसा वाचवण्याचा हिशेब होता, पण मोजमापाच्या दृष्टीने ती चलाख होती यात शंका नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी हीच संहिता गावोगाव मराठीत समजावून सांगितली आणि सरकारने स्वतःच लिहिलेले हक्क मागायला शेतकऱ्यांना शिकवले. इशारा देणारा कागद आणि त्यावरून मागता येणारा हक्क, हे दोन्ही एकाच पुस्तकात असण्याची ती दुर्मीळ उदाहरणे होत. आजच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत इशारा आहे, हक्क नाही. त्याकडे पुढे येऊच.

आजच्या यंत्रणेचे पहिले मोठे नाव फ्यूज नेट. १९८४–८५ च्या इथिओपिया आणि सुदानमधल्या दुष्काळांनंतर अमेरिकेच्या मदत संस्थेने १९८५ साली ती सुरू केली. तिच्या कामाचा पहिला थर आभाळाचा. पर्जन्यमापक केंद्रे विरळ असलेल्या प्रदेशात पाऊस किती पडला हे उपग्रहांनी टिपलेल्या थंड ढगांच्या नोंदींवरून आणि उपलब्ध केंद्रांच्या मोजणीवरून अंदाजले जाते. अशी १९८१ पासूनची सलग मालिका आज कोणालाही पाहता येते. दुसरे मोजमाप जमिनीवरच्या हिरवेपणाचे. हे दोन्ही आकडे दर दहा दिवसांनी येऊ शकतात आणि त्यांना ना चौकी अडवते ना बंदूक. त्यात एक विचित्र योगायोग आहे. प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग थंड होतो तेव्हा त्याला ला निना म्हणतात; ती आली की आपल्याकडे मान्सून बरा होण्याची शक्यता वाढते आणि आपण निःश्वास सोडतो, पण तीच पूर्व आफ्रिकेतला ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस बहुधा बुडवते. आपल्या सुकाळाची बातमी तिकडे इशारा म्हणून वाचली जाते.

दुसरा थर बाजाराचा. तो वर सांगितला. तिसरा थर घराचा, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येतले सर्वांत माणूसपणाचे काम तिथे आहे. ‘तुम्ही उपाशी आहात का?’ असे कोणी विचारत नाही, कारण मदतीच्या आशेने कोणी हो म्हणेल आणि लाजेपोटी कोणी नाही म्हणेल. त्याऐवजी गेल्या सात दिवसांतले किती दिवस कोणती गोष्ट करावी लागली, एवढेच विचारतात. नेहमीपेक्षा हलके, स्वस्त अन्न किती दिवस खाल्ले? उसने अन्न किती दिवस आणले? ताटातले वाढप किती दिवस कमी केले? जेवणाच्या वेळा किती दिवस कमी केल्या? आणि मुलांना मिळावे म्हणून मोठी माणसे किती दिवस कमी जेवली? या पाच प्रश्नांना सारखे वजन नसते. हलके अन्न, कमी वाढप आणि कमी वेळा यांना प्रत्येकी १, उसनवारीला २, आणि मोठ्यांनी मुलांसाठी मागे राहण्याला ३. सातही दिवस सगळेच करावे लागले तर बेरीज ५६ होते. ज्या आजीने ‘मला भूक नाही गं, तुम्ही घ्या’ असे म्हणून भाकरी पुढे सरकवलेली आपण पाहिली असेल, तिचे ते वाक्य या प्रश्नावलीत ३ गुणांचे आहे.

याच्या जोडीला घराने काय विकले हे पाहतात. दागिना विकणे, साठवणीतून खर्च करणे हा ताण झाला. नांगर, बी-बियाणे किंवा दुभते जनावर विकणे हे संकट, कारण उद्याची कमाई आज खाल्ली जाते. शेवटची मादी विकणे, जमीन विकणे, भीक मागणे ही आणीबाणी. माणसे कोणत्या क्रमाने काय सोडतात याचे भान असलेला कोणताही तलाठी किंवा गावचा जुना पाटील ही विभागणी वाचून मान डोलावील.

चौथा थर लहान मुलाच्या दंडाचा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजतात. १२५ मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण आणि ११५ च्या खाली अतितीव्र. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना ही पट्टी आणि ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषण), ‘मॅम’ (मध्यम तीव्र कुपोषण) हे शब्द नवे नाहीत. मेळघाटात वापरली जाते तीच पट्टी बैदोआच्या छावण्यांतही वापरली जाते. अधिक नेमक्या सर्वेक्षणात वजन आणि उंची यांचे प्रमाण काढतात. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना सर्वेक्षकाची जीभ जड होत असणार: गेल्या तीन महिन्यांत या घरात कोणी वारले का? या प्रश्नाला एक क्रूर मर्यादा आहे. जे घर संपूर्ण संपले, त्याचे उत्तर द्यायला कोणी उरत नाही, आणि ते सर्वेक्षणात येतच नाही.

हे सगळे थर एकत्र करून निष्कर्ष काढण्यासाठी २००४ साली सोमालियातच, अन्न आणि कृषी संघटनेच्या तिथल्या विश्लेषण कक्षाने, एक पाच पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. आयपीसी या आद्याक्षरांनी ती आज जगभर ओळखली जाते. आपल्याकडे आयपीसी म्हटले की २०२४ पर्यंत लागू असलेली भारतीय दंड संहिता आठवते, पण तिचा याच्याशी संबंध नाही. पहिली पायरी किमान, दुसरी ताण, तिसरी संकट, चौथी आणीबाणी, पाचवी दुष्काळ. एखाद्या भागात पाचवी पायरी ठरवायला तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: किमान २० टक्के घरांत अन्नाचा आत्यंतिक अभाव, किमान ३० टक्के मुले तीव्र कुपोषित, आणि दर १०,००० लोकांमागे दररोज किमान दोन मृत्यू, किंवा पाच वर्षांखालच्या दर १०,००० मुलांमागे दररोज किमान चार.

दहा हजारांत दोन हा आकडा कानाला किरकोळ वाटतो, म्हणून तो आपल्या मापात मांडून पाहू. पाच लाख लोकवस्तीचा एक मोठा तालुका घ्या. महाराष्ट्राचा मृत्युदर वर्षाला हजारी साधारण साडेपाच ते सहा आहे, म्हणजे अशा तालुक्यात एरवी रोज आठेक माणसे वारतात, त्यांतली बहुतेक वृद्ध. दुष्काळाच्या उंबरठ्यावर त्याच तालुक्यात रोज १०० माणसे वारतील. एका महिन्यात तीन हजार. आणि ही व्याख्येची खालची मर्यादा झाली.

या व्याख्येत एक गोष्ट दडली आहे, जी वर्तमानपत्रे वाचताना आपल्या लक्षात येत नाही. तीन निकषांपैकी एक मृत्यूंचाच आहे. मृत्यू घडल्यावर ते मोजले जातात, मोजल्यावर तपासले जातात आणि तपासल्यावर जाहीर होतात. म्हणून ‘दुष्काळ जाहीर’ ही बातमी पूर्वसूचना नसते. ती उशिरा आलेली नोंद असते. खरी पूर्वसूचना त्याच्या कित्येक महिने आधी, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर, बोकड आणि ज्वारीच्या रटाळ तक्त्यांत येऊन गेलेली असते, आणि तिचे मथळे होत नाहीत.

सोमालियातल्या २०१०–११ च्या घटना यावर नेमके बोट ठेवतात. २०१० च्या मध्याला पीक चांगले आले होते आणि देणगीदार निर्धास्त होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्यूज नेटने ला निनाकडे बोट दाखवून पहिला इशारा दिला. ऑक्टोबर–डिसेंबरचा पाऊस बुडाला. इशारे अधिक स्पष्ट होत गेले. पुढच्या एप्रिलचा पाऊसही उशिरा आणि तुटपुंजा आला. दक्षिणेतल्या बाजारांत ज्वारीचा भाव वर्षभरात दुपटीहून अधिक झाला. त्यात राजकारण होते. दक्षिणेचा मोठा भाग अल-शबाब या सशस्त्र अतिरेकी संघटनेच्या ताब्यात होता, जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्येच तिथले बरेचसे काम थांबवले होते, आणि मदत चुकून त्या संघटनेच्या हाती पडली तर अमेरिकी दहशतवादविरोधी कायद्याखाली अडकू, या धास्तीने संस्था पाऊल मागे घेत होत्या. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण बकूल आणि लोअर शबेले या दोन भागांत दुष्काळ जाहीर केला. मग पैसा आला. सप्टेंबरमध्ये बे प्रांतही यादीत गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये दुष्काळ संपल्याचे सांगण्यात आले.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या आपत्तीतले मृत्यू सुमारे २,५८,००० ठरवले. त्यांतले निम्म्याहून अधिक, सुमारे १,३३,०००, पाच वर्षांखालील मुलांचे. मे ते ऑगस्ट २०११ या काळात नेहमीपेक्षा महिन्याला सुमारे ३०,००० मृत्यू अधिक होत होते. याचाच अर्थ जुलैत घोषणा झाली तेव्हा लाट ऐन भरात होती आणि जवळजवळ निम्मे मृत्यू होऊन गेले होते. पूर्वसूचना चुकली असे कोणालाही म्हणता येणार नाही. तिच्यावर खर्च करण्याचा निर्णय घ्यायला ज्यांनी वेळ लावला त्यांच्याकडे एक सबब होती, आणि ती पूर्णपणे खोटी नव्हती: अंदाज चुकला आणि पाऊस आला, तर वाया गेलेल्या पैशांचा जाब द्यावा लागतो, अंदाज खरा ठरला आणि आपण थांबलो, तर जाब विचारणारे दूर आणि मुके असतात.

दहा वर्षांनी कसोटी पुन्हा आली. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत लागोपाठ पाच पाऊसकाळ हुकले. त्यात युक्रेनचे युद्ध सुरू झाले, आणि सोमालियाचा आयात गहू प्रामुख्याने रशिया आणि युक्रेनकडूनच येत असल्याने तोही महागला. सप्टेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञांनी बैदोआ आणि बुरहकाबा या भागांत वर्षअखेरीस दुष्काळ पडेल असा अंदाज जाहीर केला. या वेळी मदत वाढली आणि व्याख्येची रेषा ओलांडली गेली नाही. दुष्काळ जाहीर झाला नाही. परंतु पुढच्या मार्चमध्ये आलेल्या अभ्यासाने एकट्या २०२२ मधले अतिरिक्त मृत्यू सुमारे ४३,००० असावेत असा अंदाज दिला, आणि त्यांतही निम्मी मुलेच होती. ‘दुष्काळ टळला’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि तरीही ते लिहिताना हात थबकतो.

रेषा ओलांडली की नाही, हे ठरवणाऱ्यांवर दबावही येतो, कारण त्या घोषणेवर बरेच काही अवलंबून असते. १९४३ साली बंगाल सरकारने दुष्काळ संहिता लागूच केली नाही, कारण जाहीर केले असते तर ठरलेले धान्य द्यावे लागले असते. आजच्या आयपीसीत संबंधित देशाचे सरकारही सामील असते. त्यामुळे स्थानिक माहिती मिळते आणि अडचणही होते. जून २०२१ मध्ये इथिओपियाच्या तिग्राय भागात सुमारे साडेतीन लाख माणसे पाचव्या पायरीवर असल्याचा निष्कर्ष निघाला, तेव्हा तिथल्या सरकारने तो नाकारला. सुदानमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे आयपीसीच्या स्वतंत्र समीक्षा समितीने सांगितले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुढचा अहवाल येण्याच्या तोंडावर, सुदान सरकारने या व्यवस्थेतून अंग काढून घेतले. सर्वेक्षकाला गावात जाऊच दिले नाही तर पुरावा अपुरा राहतो आणि अपुऱ्या पुराव्यावर दुष्काळ ठरत नाही. सत्ताधाऱ्यांना ही पळवाट ठाऊक असते. म्हणून आता पुरावा पूर्ण नसेल तरी दुष्काळ बहुधा पडलेला आहे, अशी वेगळी नोंद करण्याची सोय केलेली आहे.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि फ्यूज नेटचे संकेतस्थळही बंद पडले. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले. उपग्रह मधल्या काळात फिरतच होते आणि पावसाची मालिका मागे जाऊन भरून काढता येते. बाजाराचे तसे नसते. ज्या गावच्या बाजारात भाव टिपणारे दुसरे कोणी नव्हते, तिथल्या बोकडाचा फेब्रुवारीतला भाव जूनमध्ये विचारून मिळत नाही, आणि तक्त्यातला तो रकाना रिकामाच राहतो.